टाचणीची भोकं

"बाजूची रिकामी खुर्ची म्हणजे न आलेला पुरुष," जुन्या फोटोंच्या प्रदर्शनासाठी मजकूर लिहिणारी केतकी उत्साहाने म्हणाली. "आणि खुर्चीच्या पाठीवरचा तुमचा हात म्हणजे वाट पाहणं. बरोबर ना, यमूताई?"

स्वतःचा तरुणपणीचा फोटो घेऊन आलेल्या पंच्याऐंशीच्या यमूताई हसल्या. "अगं, खुर्ची उंची कळावी म्हणून. स्थळांना पाठवायचा फोटो तो. मुलगी किती बुटकी, ते खुर्चीवरून कळायचं."

केतकीने लिहिलेलं खोडलं. फोटोच्या कोपऱ्यात बारीक भोकं दिसली. "कसर लागली?"

"टाचण्या गं त्या. नकाराच्या पत्राला टोचून फोटो परत यायचा. पत्रं वडील फाडून टाकायचे, भोकं राहिली."

केतकीने मोजली. अकरा. "मग पुढे?"

"पुढे मी पाठवूच दिला नाही. मास्तरीण झाले, चाळीस वर्षं पोरींना गणित शिकवलं." यमूताईंनी सहज सांगितलं आणि पिशवी उचलली.

नवा मजकूर चिठ्ठीवर लिहून ती फोटोला जोडायला केतकीने सवयीने टाचणी घेतली.

यमूताई दारातच थबकल्या. "चिठ्ठी वेगळी ठेव गं. बारावं भोक नको."