एक तरी दात

“दर्द हो तो हाथ उठा दीजिएगा, माँजी,” दातांचा डॉक्टर म्हणाला आणि हातातल्या सळईच्या मुठीनं त्यानं भानुमतीबाईंचा पहिला दात ठोकला.

हात मांडीवरच राहिला. दुसरा दात, तिसरा, मग दाढा, मग खालची ओळ. हात आपला मांडीवरच.

खुर्चीशेजारी त्यांची मुलगी मेघना पर्स छातीशी धरून उभी होती. आईच्या तोंडाकडे तिचं लक्षच नव्हतं. ती हाताकडे बघत होती.

सोमवारी भानुमतीबाईंच्या गर्भाशयाच्या कॅन्सरचं ऑपरेशन. काल रक्ताचा रिपोर्ट बघून डॉक्टरीणबाई जरा थबकल्या होत्या. अंगात कुठंतरी सूज आहे असं रक्त सांगतंय, म्हणाल्या. आजार गर्भाशयाबाहेर पसरला असला की असं दिसतं कधीकधी. तसं ते साध्या सुजलेल्या दातानंही दिसतं. खरं काय ते ऑपरेशनमध्येच कळणार.

मेघनानं त्यातला तेवढा दात धरून ठेवला. कालपासून तिनं आईचे कान बघितले, पायाची बोटं बघितली, पाठीवर गळू शोधलं. एक साधं नखुरडं सापडेना. एरवी आईला शिंक आली तरी घर डोक्यावर घेणारी पोरगी, काल आई खोकत का नाही म्हणून रुसून बसली होती.

“एक भी ख़राब नहीं. मसूड़े भी बढ़िया,” डॉक्टरनं आरसा बाहेर काढला. “इस उमर में ऐसे दाँत! बधाई हो.”

“सुपारीला कधी अडकित्ता लागला नाही हो मला,” भानुमतीबाई सवयीनं बोलून गेल्या, आणि त्याच दातांनी त्यांनी जीभ चावली.

“डॉक्टर साहब, एक बार और देखिए ना,” मेघना म्हणाली. “पीछे वाला. कुछ तो होगा.”

“दीदी, लोग तो चाहते हैं कुछ ना निकले.”

“आई, तूच सांग ना यांना. गरम चहानं दुखत असेल.”

“काहून दुखेल? काल तर भुट्टा खाऊन राहिली होती मी, तुझ्यासमोर.”

“थोडंसं पण नाही?”

भानुमतीबाईंनी मान वळवून पाहिलं. चाळिशीची बाई, ऑफिसात भल्याभल्यांना गप्प करणारी. आत्ता तिची हनुवटी हलत होती.

“चलो, फिर से देख लो बेटा,” त्या म्हणाल्या. डोकं मागं टेकवलं आणि मोठ्ठा आ केला.

डॉक्टर वाकला. मेघनाची नजर पुन्हा हातावर.

भानुमतीबाईंनी डोळे गच्च मिटले आणि हात वर केला.

“दुखलं? आई, दुखलं ना?”

डॉक्टरनं आपल्या हातातल्या सळईकडे पाहिलं. ती अजून दातापासून वीतभर लांब होती.