कमलाच्या आवडीचं

"बाबा, आईले खाले काय आवडे?"

जागृतीनं फोनवर विचारलं आणि नालवाडीच्या घरात खुर्चीवर बसलेल्या लहानूनं पटकन सांगून टाकलं, "पाटोडीची भाजी."

"ते तुमाले आवडते, बाबा."

"मंग अंबाडीची."

"ते दादाले."

घ्या! दोन्ही नेम चुकले.

जागृती तिकडे आयर्लंडात नर्स. तिकडे आज साउइन, म्हणजे सुगी आटोपून हिवाळा लागतो त्या दिवसाचा त्या लोकांचा जुना सण. त्या रात्री म्हणे गेलेलं माणूस आपल्या घरी परत येतं. त्याच्यासाठी एक खुर्ची मोकळी ठेवायची, एक ताट मांडायचं, आणि ताटात त्याच्या आवडीचं वाढायचं. जागृतीची म्हातारी घरमालकीण दरसाल नवऱ्यासाठी बटाटे-कोबी मांडते. यंदा ती जागृतीला म्हणाली, तुझ्या आईचंही ताट मांड. कमला जाऊन दोन वर्षं होत आली होती.

तिकडे अजून दुपारच होती, इकडे दिवेलागणीची वेळ झाली होती. जागृतीच्या पाठीमागे दोघंतिघं रात्रीच्या गाण्याबजावण्याची तयारी करत होते. एक जण व्हायोलिनसारखं फिडल वाजवत होता, एक बाई डफासारख्या गोल वाद्यावर काडी नाचवत होती. चाल कशी उड्या मारत चाललेली. लहानूच्या रिकाम्या घरात ती घुमत होती, आणि त्यामुळे घर आणखीच रिकामं वाटत होतं.

"पण बाई, आपल्यात पित्तर कुठं जेवू घालतेत? माह्या बापानं छप्पन साली दीक्षा घेतली अन् हे सारं सोडलं."

"मले मालूम हाये, बाबा. पूजा नाई करून राह्यली मी. आईची आठवण म्हणून नुसतं ताट मांडून राह्यली. आता घंटाभरात सामान आणाले जा लागते, तवर आठवून ठेवा."

फोन बंद झाला. लहानू आठवू लागला.

एक्केचाळीस वर्षांचा संसार. वाढताना बांगड्या वर सारणारी कमला त्याला दिसली. मासोळीचं मुंडकं नेमकं त्याच्याच ताटात टाकणारी दिसली. "तुमी घ्या, माह्यं होते मांगून," म्हणणारी तर रोजची. पण घास तोंडात घातलेली कमला काही केल्या डोळ्यांपुढे येईना. तो जेवून उठायचा, हात धुवायचा, पेपर घेऊन ओसरीत बसायचा. मागून ती काय खायची, किती खायची, कोण जाणे. बांधकाम खात्यात बाबू होता तेव्हाच्या एकेका साहेबाला चहात साखर किती लागायची, ते त्याला अजून पाठ होतं. त्याला स्वतःचीच लाज वाटली.

त्यानं पुण्याला अश्वजितला फोन लावला.

"आईचं काय, बाबा? ती तर सारंच खाये," पोरगा म्हणाला आणि त्याला मीटिंग होती.

लहानू उठला, चपला घातल्या आणि शेजारच्या शोभाबाईंच्या दारात जाऊन उभा राहिला. तीस वर्षांचा शेजार, पण त्यांच्या स्वयंपाकघरापर्यंत तो कधी आला नव्हता. शोभाबाई ओट्याशी भाकरी थापत होत्या.

"शोभाबाई, एक विचाराचं होतं. कमलाले खाले काय आवडे?"

शोभाबाईंना आधी हसू आलं. मग त्यांनी त्याच्या तोंडाकडे पाहिलं.

"तुमाले नाई मालूम, भाऊ?"

"नाई."

हातातली भाकर त्यांनी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं. बोलावं की नाही, असं झालं असावं त्यांना.

"गरम भाकर," त्या म्हणाल्या. "तव्यावरची. भाजी मंग कोणतीबी राहो, नसली तरी चाले. तुमी हापिसात गेले का ती इकडं ये. अथीच खाली बसे अन् एक भाकर खाये. म्हणे, शोभे, घरी साऱ्याइचं होऊस्तोर माही थंडी होऊन जाते."

"रोज?"

"रोज नाई. पण लय डाव."

लहानू बरं म्हणाला. तो घरी आला आणि दिवा न लावता बसून राहिला. आपल्या बायकोला एका गरम भाकरीसाठी शेजारी जावं लागत होतं, आणि आपण आपल्या जागी वरण पातळ झालं म्हणून तोंड वाकडं करत होतो.

फोन वाजला.

"हं बाबा, आठवलं का? दुकानातच उभी हावो."

"गरम भाकर."

"अन् तिच्यासंगं?"

"कशासंगंबी. पण गरम पाहिजे. तव्यावरून उतरली का ताटात."

"बाबा, ताट तर रातभर मांडून ठेवा लागते. थंडी होऊन जाईन ना ते."

"मंग तू बटाटेच मांड, बाई," लहानू म्हणाला. "भाकरीचं ताट अथी मांडतो मी. एक थंडी झाली का दुसरी टाकीन."

"तुमाले भाकर येते, बाबा?"

"नाई येत," लहानू म्हणाला. "पण रात लय मोठी राह्यते."