दोघांचं बुकिंग

"माझं काही म्हणजे काही त्याच्या लक्षात राहत नाही," एवढं एकच कारण हिमानीने अमेरिकेत, सांता क्लारात वकिलाला सांगितलं होतं. घटस्फोट झाला. लग्नाच्या वाढदिवसासाठी सुशांतने बँकॉकच्या एका बड्या रेस्टॉरंटमध्ये केलेलं बुकिंग मात्र तसंच राहिलं. "तूच जाऊन ये," तो म्हणाला. मग ती एकटीच आली.

पहिली डिश ठेवताना वेटर अदबीने म्हणाला, "मॅडम, तुमच्या कुठल्याच पदार्थात शेंगदाणे नाहीत."

हिमानी चमकली. दाण्यांच्या ॲलर्जीचं सांगायला ती नेहमीप्रमाणे विसरलीच होती.

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"काल अमेरिकेतून एका सरांचा फोन आला होता. म्हणाले, सांगायचं मॅडमच्या लक्षात राहत नाही."