रिकामा वाफा

"धने संपलेत, तरी डबा आपला जागेवर. दोन माणसांना एवढे डबे लागतात तरी कशाला," लेक स्वयंपाकघरातल्या फळीसमोर पुटपुटली. पुटपुटली म्हणजे, मागे उभ्या असलेल्या आईला नीट ऐकू जाईल अशा बेताने.

धन्यांचा तो डबा तीन आठवड्यांपूर्वी गळ्यापर्यंत भरलेला होता, हे आईने सांगितलं नाही. "धुऊन ठेवते," एवढंच म्हणाली आणि डबा लेकीच्या हातातून काढून घेतला.

लेकीचं घरातलं नाव छकुली. चाळिशी ओलांडली, ऑफिसात हाताखाली अकरा माणसं आली, तरी छकुलीच. आठव्या मजल्यावरच्या तिच्या घरात आईबाबांची खोली रंगवून तयार होती. बाबा कोबीच्या वाफ्यात पाय अडकून पडले आणि अर्धा तास कुणाला पत्ता नव्हता, तेव्हापासून तिच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. "लागलं नाही गं, कोबी होता ना खाली," असं बाबांनी फोनवर समजावलं, तर ती जास्तच घाबरली.

जायला नाही असं दोघांपैकी कुणीच म्हटलं नव्हतं. छकुलीचा बाप, म्हातारा सुतार, एवढंच म्हणाला होता, "जमिनीत माल उभा आहे, तेवढा निघू दे." रंधा खाली ठेवल्यापासून त्याने परसातल्या तीन वाफ्यांवर घर चालवलं होतं, विकतच्या भाजीची काडी उंबऱ्याच्या आत येऊ दिली नव्हती. छकुली कबूल झाली. वाफे रिकामे झाले की निघायचं.

मग कोबी काढला, तर मुळा होता. मुळा काढला, तर गाजर होतं. शेवटचं गाजर छकुलीने तीन आठवड्यांपूर्वी स्वतःच्या हाताने उपटलं आणि परत रुजायला नको म्हणून तिथेच उभ्याने खाऊन टाकलं.

आज टेंपो दारात होता. टेंपोवाला तिसऱ्यांदा आला होता.

"ताई, आज तरी सामान भरायचंय ना? मागच्या वेळी गाजरं होती."

"आज काही नाही," छकुली म्हणाली. "तिन्ही वाफे रिकामे."

सुतार सकाळपासून इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत बसला होता. आईला त्याचं नवल वाटत होतं. माणूस किती हौसेने निघालाय. रोज उठून विचारायचा, "झाली का तुझी तयारी?" आणि ती म्हणायची, "तुम्ही म्हणाल तेव्हा." त्याला लेकीकडे जायचंच आहे, तर आपण कशाला आडवं यायचं?

"कपाटाच्या काचेला गुंडाळायला गोणपाट मिळेल का?" टेंपोवाल्याने विचारलं.

"आहे की मागे, वाफ्यावर."

"ते राहू दे," आई आणि सुतार एकदमच म्हणाले.

छकुली थांबली. दोघांकडे आळीपाळीने पाहिलं.

"मांजर माती उकरतं म्हणून झाकलंय," सुतार म्हणाला.

"ओलं पण आहे," आई म्हणाली.

छकुली तडक परसात गेली. मागोमाग दोघं. कडेच्या वाफ्यावरचं गोणपाट मधोमध फुगलं होतं, खाली कुणी पांघरूण घेऊन निजल्यासारखं. छकुलीने एक कोपरा धरला आणि सर्रकन ओढलं.

खाली पिवळट कोवळी कोथिंबीर उगवली होती. मूठ फेकावी तशी, कुठे दाट, कुठे विरळ. आणि तिच्या मधून वाटाण्याच्या तीन ओळी. चार-चार बोटांवर एकेक रोप, या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळसोट.

"आपोआप उगवलंय," सुतार म्हणाला.

"जुनं बी असेल पडलेलं," आई म्हणाली आणि मग तिचं वाटाण्याकडे लक्ष गेलं. कोथिंबिरीचं तिला ठाऊक होतं. सुतार आंघोळीला गेला असताना तिनेच धने चपलेखाली रगडून भुरभुरले होते. रोज भांडी विसळलेलं पाणी ती त्या गोणपाटावर गुपचूप ओतायची आणि रोज ते आधीच ओलं असायचं. या मांजराला एवढी शू लागते तरी कशी, असं तिच्या मनात येऊन गेलं होतं.

तिने सुताराकडे पाहिलं. तो कोथिंबिरीकडे बघत होता.

छकुली वाफ्याशी उकिडवी बसली. ओळीवरून बोट फिरवत गेली.

"बाबा, आपोआप उगवतं ते सूत धरून उगवतं?"

"जमीन चांगली आहे," सुतार म्हणाला.

पुढच्या दारातून टेंपोवाल्याने हाक दिली, "ताई, या वेळी काय आहे?"

"वाटाणा," छकुलीने मान न वळवता सांगितलं. मग हळूच विचारलं, "किती दिवस?"

"अडीच महिने धर," सुताराला एकदम हुरूप आला. "पण वेल चढायला काठ्या लागतील. त्या मी तासून ठेवल्यात."

"आणि कोथिंबीर?"

हे तिने बाबांना विचारलं नव्हतं. ती आईच्या हाताकडे बघत होती. धन्यांचा रिकामा डबा अजून तिथेच होता.

"महिनाभर," आई म्हणाली. "पण संपली की परत टाकावी लागते. सारखी टाकत राहावी लागते."

"कशासाठी?"

सुताराचा शर्ट कडक इस्त्रीचा होता आणि नखांत माती होती. आईने ती नखं पाहिली. डब्याचं झाकण घट्ट दाबून बसवलं.

"कारण आम्हाला यायचं नाहीये, छकुले."