दाखल्यानंतरची जिलबी

दरवर्षी नोव्हेंबरात बँकेत हयातीचा दाखला दिला, की समोरच्या हॉटेलात जिलबी खायची हा अण्णांचा शिरस्ता. यंदा मात्र त्यांनी बशी लेकापुढे सरकवली. "तूच खा."

दिगंबरला नवलच वाटलं. हेच अण्णा सुनेनं दिलेल्या मधुमेहाच्या गोळ्या गुपचूप तुळशीच्या कुंडीत टाकायचे. "पंच्याऐंशी झाली, आता बोलावणं आलं की निघायचं," म्हणायचे. आणि हल्ली रोज सकाळी कॅनव्हासचे बूट घालून वेशीवरच्या मारुतीपर्यंत चालून येतात, मुकाट्यानं कारल्याचा रस पितात.

कधीपासून बरं? दिगंबरची स्वतःची पेन्शन सुरू झाली तेव्हापासून. बापलेक एकाच तहसील कचेरीतून निवृत्त झालेले. अण्णा साधे शिपाई, पण त्यांना जुनी पेन्शन. दिगंबर अव्वल कारकून, पण नोकरीला उशिरा चिकटला आणि नव्या नियमात सापडला. त्याच्या पेन्शनीत गॅसची टाकी आली की किराणा राहायचा. "अण्णा, घर अजून तुमच्याच पेन्शनीवर चालायचं," असं तो मान खाली घालून म्हणाला होता.

"एक तरी घ्या," दिगंबर म्हणाला. "एका जिलबीनं काय होतंय?"

अण्णांनी वाकून बुटाची नाडी घट्ट केली.

"तू रिटायर झालास बाबा," ते म्हणाले. "माझी ड्यूटी अजून चालू आहे."