अस्सल पुरावा

मॉरिशसमधल्या क्वात्र बॉर्नच्या देवराज मास्तरांना एकच व्यसन होतं, संशोधनाचं. पुस्तकात वाचलेलं ते उसनं आणि जुन्या माणसाच्या तोंडून ऐकलेलं तेच अस्सल, असं ते भेटेल त्याला ऐकवत.

१९६२च्या गणपतीत त्यांनी रेडिओवर ठासून सांगितलं होतं, की आपल्या झाकरी नाचात दोन पावलं मागे सरतात, तो मावळ्यांचा गनिमी कावाच! कुणीतरी आगाऊपणे पुरावा मागितला. मग काय, मास्तर बस पकडून थेट बेटाच्या दक्षिणेकडच्या सुरिनाम गावी गेले आणि आयुष्यभर झाकरी नाचलेल्या म्हाताऱ्या बलरामकाकांच्या ओसरीवर जाऊन बसले.

"काका, झाकरीत पावलं मागे का घेता हो?"

"गनिमी कावा, मास्तर!" काका ताडकन म्हणाले.

मास्तरांना आभाळ ठेंगणं झालं. "पाहा! वडिलांनीच सांगितलं असेल ना?"



"छे! बा म्हणायचा, एवढ्याशा खोलीत नाचताना म्होरं चूल असायची, पाय भाजू नये म्हणून मागं सरायचो. पण तुमचं रेडिओवर ऐकलं, तवापासनं आमचा बा खोटा!"