गाळायचं नाही

नळ पूर्ण सोडून ती बेसिनमध्ये ओकली. पाण्याच्या आवाजात बाकीचं काही ऐकू जाणार नाही, असा तिचा हिशेब होता. मग चूळ भरून, तोंड पुसून, चेहऱ्यावर हसू चढवून ती पुन्हा नवऱ्याच्या खोलीत आली. नुकतीच काढलेली मलमपट्टी बादलीत पडली होती. पिवळी, ओलीकच्च. बादलीला झाकण होतं. वासाला झाकण कुठून आणायचं?

नवऱ्याला सगळे मास्तर म्हणत. तीही मास्तरच म्हणायची. एके काळी त्यांचा आवाज शाळेच्या मैदानापलीकडे जायचा. मग जिभेला कॅन्सर झाला. डॉक्टरांनी जीभ काढली, तरी मेला तो गालात परत आलाच. आता गालाला भोक पडलं होतं आणि त्यातून दिवसभर लाळ आणि पू गळायचा. मास्तरांचं बोलणं पाटीवर आलं होतं. वास मात्र घरभर मोकळा हिंडायचा. पडद्यांत, उशांत, तिच्या केसांत, तोंडाशी नेलेल्या घासात. तिला नवऱ्याची किळस यायची. कंटाळा नाही, राग नाही, निव्वळ किळस. ज्याच्याबरोबर जन्म काढला त्याचीच शिसारी येणाऱ्या बाईला देव दारातसुद्धा उभं करणार नाही, अशी तिची खात्री होती.

म्हणून तिने पाठ दुखते असं सांगितलं. आता उचलणं जमत नाही, म्हणाली. नणंदेने ताबडतोब गावाबाहेरच्या शुश्रूषागृहात खाट मिळवली. मास्तरांनीही मुकाट मान हलवली. आज गाडी येणार होती. त्यांची पिशवी भरून दाराशी ठेवली होती.

नणंद मोठी भाविक. रोज सकाळी फोनवर गुलाबाच्या चित्रावर बायबलचं वचन पाठवायची. कधी हिरवी कुरणं, कधी गरुडाचे पंख. भावाला भेटायला आली की उंबऱ्यातच थांबायची, नाकाला सेंट लावलेला रुमाल धरून. "वहिनी, देवाने तुला केवढं मन दिलंय गं! तुला कशाचं काही वाटतच नाही," असं रुमालातूनच म्हणायची. तो रुमाल जखमेपेक्षा जास्त घाण मारायचा. नणंदेची पाठ वळली की हिला पुन्हा नळ गाठावा लागे.

मास्तरांना असली वेचून काढलेली वचनं आवडत नसत. मिठाईच्या दुकानात पोट भरत नाही, म्हणायचे. त्यांच्या घरची रीत वेगळी होती. पवित्र शास्त्र पहिल्या पानापासून क्रमाने, रोज एक अध्याय, मोठ्याने. काहीही गाळायचं नाही. कोण कुणाचा बाप याच्या पानभर वंशावळी असोत की मंडपाच्या पडद्यांची मापं, सगळं घशाखाली घालायचं. आवाज गेल्यापासून वाचण्याचं काम तिच्याकडे आलं होतं.

गाडी यायच्या आत आजचा अध्याय उरकावा म्हणून ती खुर्चीत बसली. खुर्ची खिडकीला चिकटलेली असायची, वारा येईल तिथे. सध्या राखेत बसलेल्या एका माणसाची कथा चालली होती. गुरंढोरं गेली, लेकरं गेली, अंगभर फोड आले, आणि तो देवाशी भांडत होता. ती भराभर वाचत सुटली. भाऊबंद दूर झाले, चाकर हाकेला ओ देत नाही, आणि...

ती अडखळली. नजर पुढच्या ओळीवर पडली होती. ती ओळ सोडून तिने खालची वाचायला घेतली.

टक, टक. मास्तर पेन्सिलीने पाटीवर ठोकत होते. डोळे मिटलेलेच.

"वाचते, वाचते," ती म्हणाली. तिचे कान तापले होते.

तिने वाचलं. माझ्या तोंडाच्या वासाने माझ्या बायकोला शिसारी येते, असं तो माणूस देवाला सांगत होता. आणि ते छापलं होतं, पवित्र शास्त्रात, सोनेरी कडांच्या पानावर! कुणी ती ओळ खोडली नव्हती. देवाला ती ऐकवली होती आणि देवाने ती आपल्या पुस्तकात राहू दिली होती. ती पानाकडे बघतच राहिली. इतके दिवस किळस तिला झेपत होती. लपवणं झेपत नव्हतं.

बाहेर हॉर्न वाजला. ड्रायव्हर आत आला आणि उंबऱ्यातच त्याने शर्टाची कॉलर नाकावर ओढली.

"मावशी, पेशंट तयार आहे ना? तुमची पाठ दुखते म्हणे. मी उचलतो त्यांना."

"माझ्या पाठीला काही धाड भरलेली नाही," ती म्हणाली. "गाडी परत न्या."

"अहो, पण ताईंनी मला..."

"ताईंना मी सांगते काय सांगायचं ते. तुम्ही या आता."

त्याने दुसऱ्यांदा विचारलं नाही. मोकळ्या हवेत जायची त्यालाही घाईच होती.

तिने खुर्ची फरफटत पलंगाला लावली. वासाचा भपकारा अंगावर आला. तरी ती तिथेच बसली.

"मास्तर, मी खोटं बोलले," ती म्हणाली. "पाठबीठ काही नाही. मला तुमची किळस येते. रोज ओकते मी."

मास्तरांनी डोळे उघडले. गालातून ओघळ आला. तो त्यांनी मनगटाने पुसला, मनगटाकडे बघितलं आणि तोंड वेडंवाकडं केलं. मग पाटी जवळ ओढली आणि सावकाश, वळणदार अक्षरांत लिहिलं,

"मलाही येते. पुढे वाच."